पुन्हा विद्यार्थी होताना : संगणक क्षेत्राकडे वळणाऱ्या प्रौढांसाठी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सोयगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वह्या-पुस्तकांचे वाटप, शिष्यवृत्ती, गुणवंतांचा सत्कार ही परंपरा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. आज मात्र मी ज्या विद्यार्थ्याविषयी बोलणार आहे, त्याचे नाव गुणवंतांच्या यादीत सहसा नसते. त्याचे वय पस्तीस आहे, कदाचित बेचाळीस. त्याची मुले शाळेत जातात. तो दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, जिनिंगमध्ये हिशेब लिहितो किंवा एखाद्या ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर शिकवतो. अथवा ती पदवीनंतर लग्न होऊन या गावी आलेली आणि दहा वर्षे घर सांभाळलेली एखादी सून आहे. या दोघांच्याही मनात एकच प्रश्न घोळत असतो आणि तो ती कोणाजवळ बोलून दाखवीत नाहीत : 'या वयात संगणकाचे शिक्षण घेऊन नवे काम धरता येईल का?'

माझे उत्तर 'होय' असे आहे. परंतु त्या उत्तराला दोन अटी जोडलेल्या आहेत. पहिली अट अशी की, जुन्या कामातून मिळालेले ज्ञान टाकून न देता ते बरोबर घेऊन या क्षेत्रात यावे लागते. दुसरी अट अशी की, या शिक्षणात सर्वांत महाग वस्तू फी नसून वेळ आहे, आणि प्रपंचात पडलेल्या माणसाला तो वेळ एकट्याच्या बळावर मिळत नाही. तो त्याला घराने द्यावा लागतो, समाजाने द्यावा लागतो. या दोन मुद्द्यांभोवतीच आजचे माझे निवेदन आहे.

प्रथम मनातील संकोचाविषयी बोलतो. 'आता काय शिकायचे? लोक काय म्हणतील?' हा विचार अनेकांना दारातूनच परत फिरवतो. वस्तुतः मोठ्या माणसांनी संगणकासाठी पुन्हा पाटी हातात घेणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. आपल्या बँकांचेच उदाहरण घ्या. बँकांच्या संगणकीकरणाचा विचार करण्यासाठी रंगराजन समिती १९८४ साली अहवाल देऊन गेली, आणि १९९३ मध्ये बँक व्यवस्थापने व कर्मचारी संघटना यांच्यात त्याबाबत महत्त्वाचा करार झाला. ज्यांची हयात लेजर लिहिण्यात गेली होती, अशा चाळीस-पन्नास वर्षांच्या कारकुनांनी त्यानंतर संगणकासमोर बसून नव्याने काम शिकून घेतले. सुरुवातीला त्यांची बोटे अडखळली, परंतु खात्यांचे व्यवहार त्यांना तोंडपाठ होते. यंत्र नवे होते, व्यवहार जुनाच होता. म्हणून ते तरले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्यानंतर एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. शासकीय सेवेतील अनेक पदांसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. त्यामुळे शिक्षक, तलाठी, लिपिक अशी पन्नाशीकडे झुकलेली मंडळी आपल्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी बसून माऊस धरायला शिकली. लाखो लोकांनी ही परीक्षा दिली. त्याही आधी, १९८९ साली, नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी आयुष्यभर एकच आग्रह धरला की, शिक्षणाची दारे वयाने किंवा परिस्थितीने बंद होता कामा नयेत. पुढे एमकेसीएलच्या उभारणीतही त्यांचा मोलाचा वाटा होता. तेव्हा, बंधूंनो, आपण काही जगावेगळे करायला निघालेलो नाही. आपल्या आधी या वाटेने पुष्कळ लोक गेले आहेत.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एमएस-सीआयटी ही संगणकाची साक्षरता आहे. तिच्यामुळे आपण अर्ज भरू शकतो, पत्र तयार करू शकतो, तक्ता मांडू शकतो. माहिती तंत्रज्ञान हा व्यवसाय म्हणून स्वीकारणे ही त्यापुढची पायरी आहे. वाचता-लिहिता येणे आणि वकिली करणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर या दोहोंत आहे. पहिल्या पायरीवर उभे राहून 'मला कोणी नोकरी का देत नाही?' असे विचारणारे अनेक तरुण मला भेटतात. त्यांची फसवणूक कोणी केलेली नसते. पुढची पायरी आहे, एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता जुन्या कामाच्या ज्ञानाविषयी. या क्षेत्रातील दोन प्रसिद्ध उदाहरणे सांगतो. भारतीय संगणक उद्योगाचे पितामह म्हणून ज्यांना ओळखले जाते, ते फकीरचंद कोहली १९६९ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये आले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस होते. त्याआधीची अठरा वर्षे त्यांनी टाटांच्या वीज कंपनीत काढली होती. विजेचा भार कोठून कोठे, किती वळवायचा याचे शास्त्र त्यांच्या हाडामांसी खिळलेले होते आणि त्या कामासाठी संगणक वापरता येतो, हे त्यांनी ओळखले होते. कोहली उच्चविद्याविभूषित होते, आपली त्यांच्याशी तुलना नाही. परंतु एका कामातील जाणकारी दुसऱ्या कामाचे दार कसे उघडते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

दुसरे उदाहरण तर व्यापारी समाजाला विशेष जवळचे वाटावे. आज आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात 'टॅली' आहे. ही प्रणाली निर्माण झाली ती एका व्यापाऱ्याच्या अडचणीतून. श्यामसुंदर गोयंका यांचा गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरविण्याचा व्यवसाय होता. आपला हिशेब नीट सांभाळील अशी संगणक प्रणाली त्यांना मिळेना. तेव्हा गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे चिरंजीव भरत यांनी ती स्वतः लिहायला घेतली. १९८६ साली बंगळूर येथे पिता-पुत्रांनी कंपनी स्थापन केली, आणि पुढे २०२० मध्ये भरत गोयंका यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद ही भाषा ज्या घरात बोलली जात होती, त्याच घरातून ही प्रणाली बाहेर पडली, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

माझा स्वतःचा अनुभवही थोडक्यात सांगतो. २००७ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात हिशेबाचे काम करीत असताना मी त्या वेळच्या डोएक संस्थेच्या 'ओ' लेव्हल परीक्षेचा अभ्यास सुरू केला. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी शेजारी बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा उठून उभा राहिला आणि मला 'नमस्कार सर' म्हणाला. मी शिकवायलाच आलो आहे, असे त्याला वाटले. पुढे तोच मुलगा मला प्रोग्रामिंगमधील बारकावे समजावून देई आणि मी त्याला नावे-जमेचे व्यवहार शिकवीत असे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कामासाठी अनेक ठिकाणी गेलो. वय पाहूनच अर्ज बाजूला ठेवला जाई. शेवटी एका लहानशा कंपनीत मुलाखत झाली. ती कंपनी जिनिंगसाठी हिशेबाची प्रणाली तयार करीत होती. मला एकच प्रश्न विचारला गेला : 'कापसाची गाडी काट्यावर आल्यापासून शेतकऱ्याच्या हाती पैसे पडेपर्यंत काय काय घडते?' मी पाऊण तास बोललो. तेथेच मला काम मिळाले. पगार जिनिंगमधल्यापेक्षा कमी होता, हेही सांगितले पाहिजे. तो वाढायला अडीच वर्षे लागली.

या पाऊण तासात मी काय सांगितले असेल, याची कल्पना येथे बसलेल्या प्रत्येक कापूस व्यापाऱ्याला आहे. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ओलाव्याची तपासणी, प्रतवारी, हमाली, तोलाई, उचल घेतलेल्या रकमेची वजावट. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भाव कमी होत जातो आणि त्याहून अधिक ओला कापूस घेतला जात नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरील वस्तू व सेवा कर भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली. प्रोग्राम लिहिणाऱ्या हुशार मुलाला यातील एकही गोष्ट माहीत नसते. त्याला ती कोणीतरी, क्रमाने आणि एकही अपवाद न विसरता, सांगावी लागते. हे सांगणे हेसुद्धा माहिती तंत्रज्ञानातील काम आहे आणि त्याला चांगला मोबदला मिळतो. तयार झालेली प्रणाली सर्व अपवादांत बरोबर चालते की नाही, हे तपासणे हे दुसरे काम. ती ग्राहकाच्या ठिकाणी बसवून तेथील माणसांना शिकवणे हे तिसरे काम. संगणकात साठवलेल्या माहितीतून मालकाला हवा तो निष्कर्ष काढून देणे हे चौथे. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाने प्रामुख्याने या दारांकडे पाहावे. मोठ्या कंपन्या महाविद्यालयांत जाऊन भरती करतात, ती मुख्यतः नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी असते. त्या रांगेत उभे राहून निराश होण्यात अर्थ नाही.

जे कापसाविषयी सांगितले, तेच औषधांच्या दुकानाविषयी, पतसंस्थेविषयी, शाळेविषयी आणि कृषी सेवा केंद्राविषयीही खरे आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी : अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या आणि आजवर केलेल्या कामातील असे काय आपल्याला माहीत आहे, जे वर्गातल्या मुलाला माहीत नाही, ते लिहून काढा. तो कागद ही आपली भांडवलाची वही समजा.

आता प्रत्यक्ष मार्गांविषयी. सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशाच्या उंबरठ्यावर आहे. जिल्ह्याचे ठिकाण घाटापलीकडे शंभरहून अधिक किलोमीटरवर. जळगाव त्यापेक्षा जवळ, परंतु तेथेही रोज जाऊन-येऊन शिकणे प्रापंचिक माणसाला अवघडच. म्हणून घरी राहून शिकता येतील असे मार्ग आधी सांगतो.

ज्यांचे बारावीपर्यंत शिक्षण झाले आहे, त्यांच्यासाठी 'ओ' लेव्हल हा अभ्यासक्रम अजूनही उपयुक्त आहे. जुन्या डोएक संस्थेचे नाव २०११ मध्ये बदलून नाइलिट झाले. तिचे एक केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे विद्यापीठाच्या परिसरात आहे. अभ्यासक्रम एक वर्षाचा. त्यात संगणकाची साधने व नेटवर्कची तोंडओळख, संकेतस्थळांची रचना, पायथॉन भाषेतील प्रोग्रामिंग आणि इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांचे तंत्र असे चार विषय असतात. शिवाय प्रात्यक्षिक व प्रकल्प. घरी अभ्यास करूनही परीक्षेला बसता येते. परीक्षा जानेवारी व जुलै अशा दोन वेळा होतात. येथे आपल्या भागासाठी एक सूचना करतो. जानेवारी महिना ऐन कापसाच्या हंगामात येतो, म्हणून जिनिंगशी संबंधित माणसाने जुलैची परीक्षा धरावी. बी-बियाणे आणि खतांचे दुकान असणाऱ्यास जून-जुलैमध्ये मान वर करायला सवड नसते, त्याने जानेवारीची धरावी. एवढ्या साध्या नियोजनानेही निम्मे काम हलके होते.

ज्यांना पदवी हवी आहे, त्यांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या किंवा आपल्या मुक्त विद्यापीठाच्या संगणक अभ्यासक्रमांची चौकशी करावी. इंदिरा गांधी विद्यापीठाचा बीसीए अभ्यासक्रम किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पूर्ण करता येतो. सहा वर्षांची ही मुभा प्रापंचिक माणसासाठी फार मोलाची आहे. एखाद्या वर्षी घरात लग्न असते, आजारपण असते, दुष्काळ असतो. त्या वर्षी विषय कमी घ्यावेत, परंतु धागा तुटू देऊ नये.

ज्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी आहे, मग ती स्थापत्य शाखेची असो वा यंत्र शाखेची, त्यांनी सी-डॅकच्या प्रगत संगणन पदव्युत्तर पदविकेचा विचार करावा. सी-डॅक ही संस्था १९८८ साली पुणे येथे स्थापन झाली. 'परम' महासंगणक तिनेच घडविला. या पदविकेसाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अभ्यासक्रम सुमारे सहा महिन्यांचा आणि नऊशे तासांचा आहे, मात्र तो पूर्ण वेळ आहे. म्हणजे सहा महिने दुसरे कोणतेही काम करता येत नाही.

आणि ज्यांच्या मनाचा निश्चय अद्याप झालेला नाही, त्यांनी एक पैसाही खर्च न करता सुरुवात करावी. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात संगणक विषयांचे लहान लहान पाठ आहेत आणि त्यांतील पुष्कळ पाठांचे निवेदन मराठीत आहे. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी याहून चांगली पहिली पायरी मला माहीत नाही. त्यानंतर २००३ साली सुरू झालेला आयआयटींचा एनपीटीईएल उपक्रम आणि केंद्र शासनाचे २०१७ सालचे 'स्वयम्' व्यासपीठ येथे नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने विनाशुल्क ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते. दोन महिने असा अभ्यास करून पाहावा. मन रमले तर पुढे जावे. न रमल्यास काहीही न गमावता परत फिरावे; त्यातही कमीपणा नाही.

मंडळी, नऊशे तास हा आकडा मी मुद्दाम सांगितला. नव्या क्षेत्रात पाऊल टाकण्यासाठी साधारण तेवढी मेहनत लागते, असे धरून हिशेब करू या. रोज दोन तास, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे आठवड्याला बारा तास. नऊशे तासांना पंचाहत्तर आठवडे लागतील, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. हे दोन तास कोठून यायचे? दुकान सकाळी उघडते, रात्री बंद होते. मध्ये मुलांचा अभ्यास, आई-वडिलांचे औषधपाणी, नातेवाइकांची लग्नकार्ये. शिकणाऱ्याला दोन तास मिळतात, याचा अर्थ ते दोन तास दुसऱ्या कोणीतरी आपल्या अंगावर घेतलेले असतात. माझ्या बाबतीत ते माझ्या पत्नीने आणि धाकट्या भावाने घेतले. माझ्या प्रमाणपत्रावर त्यांची नावे नाहीत, परंतु ते जितके माझे आहे, तितकेच त्यांचेही आहे.

आपल्याकडे सामायिकाला बसणारी पुष्कळ मंडळी आहेत. अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर, मन इकडे-तिकडे न जाऊ देता बसण्याची सवय ज्याला आहे, त्याच्याजवळ अभ्यासाची बैठक तयारच आहे. आणि सामायिकाला बसलेल्या माणसाला घरातील कोणी हाक मारीत नाही, हेही आपण जाणतो. अभ्यासाला बसलेल्या प्रौढ माणसाच्या वाट्याला तेवढीच शांतता यावी, इतकीच माझी अपेक्षा आहे. मुलगा दहावीला असतो तेव्हा आपण घरातील दूरदर्शन संच बंद ठेवतो. वडील परीक्षेला बसले असतील तर?

भगिनींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. आपल्या घरांत वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या पदवीधर सुना आहेत. काहींनी लग्नापूर्वी नोकरीही केलेली असते. मुले मोठी झाल्यावर त्यांना पुन्हा काम करावेसे वाटते, परंतु मधल्या दहा वर्षांचे उत्तर काय द्यावे, हे त्यांना कळत नाही. ही अडचण आता उद्योगांनीही ओळखली आहे. टाटा समूहाने २००८ साली अशाच खंड पडलेल्या व्यावसायिक स्त्रियांसाठी स्वतंत्र योजना सुरू केली होती. परंतु कंपनीचे दार उघडण्यापूर्वी स्वयंपाकघराचे दार उघडावे लागते. सुनेला दोन तास मोकळे करून देण्यासाठी सासूबाईंनी एक वेळची भाजी आपल्याकडे घेतली, किंवा खुद्द पतीने घेतली, तर त्या घराची प्रतिष्ठा कमी न होता वाढेल, असे मला नम्रपणे वाटते.

आता काही कटू गोष्टी. आपल्यासमोर केवळ गोड चित्र उभे करणे हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. संगणक क्षेत्राची पूर्वीची भरभराट आज तशीच राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीने सुमारे बारा हजार, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर साधे प्रोग्राम यंत्रच लिहून देऊ लागले. तेव्हा केवळ एखादी संगणकीय भाषा शिकून आयुष्यभराची सोय होईल, असे मानण्याचे दिवस संपले आहेत. परंतु नीट विचार केला तर यातूनही पूर्वीचाच निष्कर्ष निघतो. यंत्राला काय करायचे ते अचूक सांगणे आणि त्याने केलेले काम बरोबर आहे की चूक, हे ओळखणे, यासाठी त्या व्यवहाराचा जाणकार लागतो. ओल्या कापसाचा भाव यंत्राने चुकीचा काढला, तर ते ज्याने काट्यावर उन्हातान्हात उभे राहून पाहिले आहे, त्याच्याच प्रथम लक्षात येईल.

दुसरा धोका फसवणुकीचा. 'शंभर टक्के नोकरीची हमी' देऊन एकरकमी मोठी फी मागणाऱ्या वर्गांपासून सावध राहावे. प्रमाणपत्र कोण देते, त्याला मान्यता कोणाची, मागील तुकडीतील दोन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का आणि पावती मिळेल का, हे चार प्रश्न विचारावेत. या प्रश्नांनी जो रागावतो, त्याच्याकडे फी भरू नये. त्याचप्रमाणे 'घरबसल्या डेटा एन्ट्री' असे सांगून आधी अनामत रक्कम घेणाऱ्या आणि नंतर कराराचा भंग झाला म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती दाखविणाऱ्या टोळ्या आहेत. काम देणारा कधीही आधी पैसे मागत नाही, हा व्यापारातला साधा नियम येथेही लागू आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. हातचे काम सोडण्यापूर्वी किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. सुरुवातीचे उत्पन्न पूर्वीपेक्षा कमी असू शकते. आणि शिक्षण झाल्यावर बहुतेकांना काही वर्षे तरी संभाजीनगर, जळगाव, नाशिक किंवा पुणे गाठावे लागेल, हेही गृहीत धरावे. घरातील सर्वांनी हे आधीच बसून बोलून घेतले, तर पुढचे अनेक कलह टळतात.

शेवटी ट्रस्टच्या चरणी काही सूचना ठेवतो. विश्वस्तांच्या अधिकारात हस्तक्षेप करण्याचा माझा हेतू नाही; घरातल्या माणसाने घरात बोलावे, तसे बोलतो आहे.

शैक्षणिक साहाय्य देताना वयाची अट असू नये. पंधरा वर्षांच्या मुलाला शिष्यवृत्ती दिली तर एक विद्यार्थी शिकतो. चाळीस वर्षांच्या बापाला बिनव्याजी शैक्षणिक उचल दिली तर त्याच्या मागे असलेले सारे घर सावरते. ही रक्कम नवे काम लागल्यावर हप्त्याने परत यावी, म्हणजे ती पुढच्या माणसाच्या कामी येईल. दुसरी सूचना जागेची. वास्तूतील एक खोली सकाळी सहा ते आठ आणि रात्री आठ ते दहा अभ्यासासाठी मोकळी ठेवावी. दोन-तीन संगणक, चांगले इंटरनेट आणि वीज गेल्यास चालू राहील अशी सोय, एवढे पुरे. घरात दोन खोल्यांत सात माणसे राहत असतील, तर ही खोली त्या विद्यार्थ्याला फीच्या सवलतीपेक्षा अधिक मोलाची वाटेल. भगिनींसाठी दुपारची वेळ राखून ठेवावी. तिसरी सूचना माणसांची. आपल्या गावची, आपल्या नात्यातली कितीतरी मुले आज पुणे-मुंबईत आणि परदेशात या क्षेत्रात आहेत. त्यांच्याकडे देणगी मागतो, तसा महिन्यातून एक तास मागावा. एका तासाच्या दूरध्वनीवर मिळालेला सल्ला कित्येकदा एका वर्षाची वणवण वाचवतो.

हे झाले नाही तर काय होईल, तेही डोळ्यांसमोर आणावे. बाजारपेठेचे स्वरूप बदलते आहे. मोबाइलवरून मागविलेल्या वस्तू सोयगावच्या घरोघरी पोहोचतात, आणि त्या प्रत्येक वस्तूमागे येथील एखाद्या दुकानातली विक्री कमी होते. दुकान चालेनासे झाले की चाळिशीतला माणूस गप्प होतो. तो समारंभांना येणे कमी करतो, पहिल्या रांगेतून मागच्या रांगेत जातो. त्याला कोणाकडे मागायचे नसते, कारण त्याने आजवर देण्याचेच काम केलेले असते. अशा माणसाला मदतीचा हात पुढे करताना त्याचा मान राखणे फार आवश्यक आहे. आणि शिक्षणासाठी दिलेली मदत ही मान राखणारी मदत आहे. त्यात घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

आपला ट्रस्ट पन्नास वर्षांचा झाला. पुढील वर्षीच्या गुणवंतांच्या सत्कारात दहावी-बारावीच्या मुलांच्या रांगेत केस पिकलेला एखादा गृहस्थ किंवा दोन मुलांची आई असलेली एखादी भगिनी उभी असावी, आणि टाळ्या वाजविण्यात त्यांची मुले सर्वांत पुढे असावीत, एवढीच इच्छा व्यक्त करतो.